वाणात आलेला गळ

एप्रिलचा शेवटचा गुरुवार, माझी साप्ताहिक सुट्टी. ठिकाण बारामतीतलं आमचं स्वयंपाकघर. हजर दोघं, मी आणि बायको. रक्कम जास्तीत जास्त दोन हजार रुपये. तेवढ्यात माझ्या सासऱ्यांसाठी मासे धरायचा रॉड आणि त्यावरचं रील, दोन्ही बसवायचं, असं त्या सकाळी ठरलं.

मी एमआयडीसीतल्या एका दूध प्रक्रिया कारखान्यात खरेदी विभागात आहे. नटबोल्टपासून बॉयलरच्या व्हॉल्व्हपर्यंत सगळं मागवणं माझ्याकडे. काय घ्यायचं, कितीत घ्यायचं आणि कोणासमोर ठरलं, हे आधी स्पष्ट असलं की पुढचं काम सोपं जातं, अशी माझी समजूत आहे. या खरेदीत ती फारशी टिकली नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. ते आणि सासूबाई, म्हणजे मामी, पळसदेवला राहतात. शेती वाट्यानं दिलेली, दावणीला एक गाय, आणि घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर उजनीचं पाणी. मामांनी जाळं कधी टाकलं नाही. त्यांचा हातगळ. पावडरच्या रिकाम्या डब्याला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि गळ. पाण्याच्या कडेला उभं राहायचं, शिसं डोक्याभोवती गरगर फिरवायचं आणि सोडून द्यायचं. तंगूस डब्यावरून सुटत जाते आणि शिसं लांब कुठंतरी टुपकन पडतं. मी दोन-तीनदा करून बघितलं. माझं शिसं पाठीमागे पडलं.

त्यांची जागा ठरलेली होती. धरण झालं तेव्हा मामा पंचविशीत होते. जुनं गाव पाण्याखाली गेलं, त्यात त्यांच्या वडिलांची विहीरही गेली. मामा गळ टाकायचे ते त्या विहिरीच्या अंगावर. तिथं खोल आहे आणि मासा गारव्याला बसतो, असं त्यांचं म्हणणं. जुन्या विहिरीचं अजूनही काहीतरी मिळतंय, एवढंच ते हसत सांगायचे.

संक्रांतीच्या सुमाराला गोठ्यात पाय घसरून ते उजव्या खांद्यावर पडले. हाड मोडलं नाही, पण हात खांद्याच्या वर जाईना. इंदापूरच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. मामी फोनवर म्हणाली, "दोन दिस भिंतीवर पाल चढल्यागत केलं. तिसऱ्या दिसापास्नं पाल बी न्हाय अन् भिंत बी न्हाय."

हात वर जात नाही म्हणजे शिसं फिरवता येत नाही. मामांनी डाव्या हातानं करून बघितलं. गळ त्यांच्याच टोपीत अडकला आणि टोपी पाण्यात गेली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी डबा फळीवर टाकला आणि नंतर पाण्याकडे फिरकले नाहीत. हे सगळं मामीकडून कळलं. मामांकडून फोनवर आता "हं" एवढंच येत होतं. आधी ते बायकोशी अर्धा अर्धा तास बोलायचे, पाणी कुठवर आलं, कोणाच्या होडीला किती चिलापी मिळाली, सगळं.

"दिसभर माज्या चुलीपुढं बसत्यात," मामी म्हणाली. "भाकरी किती थापल्या ते मोजत्यात. ह्यास्नी पाण्याव घालवा कसं बी करून."

म्हणून ती गुरुवारची बैठक. मोबाईलवर मी बघितलं होतं की रॉडला शिसं डोक्याभोवती फिरवावं लागत नाही. बाजूनं मनगटाचा झटका दिला तरी ते जातं. रॉड डाव्या हातात धरायचा आणि रीलची मूठ उजव्या हातानं फिरवायची. मामांचा उजवा हात कमरेच्या उंचीला चांगला चालत होता. म्हणजे यंत्र बरोबर होतं. राहिली किंमत.

मी तीन ठिकाणचे भाव घेतले, एक ऑनलाइन, एक भिगवणचा आणि एक बारामतीतल्या दुकानाचा. स्टँडच्या मागच्या बाजूला दोर, ताडपत्री, शेडनेट विकणारं ते जुनं दुकान आहे. तिथं एका कोपऱ्यात, बादलीत छत्र्या ठेवाव्यात तसे रॉड उभे असतात. प्रत्येक रीलवर नंबर होता, एक हजार, अडीच हजार, सहा हजार. मला वाटलं मोठा नंबर म्हणजे वरची प्रत.

"नंबर म्हंजे माप, साहेब," दुकानदार म्हणाला. "चपलेसारखं. कुणाला पायजे?"

"सासऱ्यांना. बहात्तर वर्षांचे आहेत."

"मग ह्यो अडीच हजाराचा घ्या. हलका हाय."

हलका शब्द ऐकून मी सावध झालो. आमच्याकडे माल हलका निघाला की पुरवठादाराला पत्र जातं. मी त्याला तराजू मागितला. दोरासाठी त्याच्याकडे काटा होताच. सहा हजार नंबरचं रील आणि आठ फुटी जाड रॉड मिळून आठशे सत्तर ग्रॅम भरलं, किंमत अठराशे पन्नास. म्हणजे शंभर ग्रॅमला दोनशे तेरा रुपये. दुकानदार सांगत होता ती जोडी चारशे ग्रॅमची, किंमत साडेपंधराशे. शंभर ग्रॅमला तीनशे सत्त्याऐंशी रुपये पन्नास पैसे. मी हे त्याला करून दाखवलं.

त्यानं काटा बाजूला सारला. "साहेब, तुमी रॉड घेताय का पितळेची घागर?"

"वस्तू टिकली पाहिजे."

"टिकंल की. ह्यो मोडायचा न्हाय. धरणाराच मोडंल." पण त्यानं बांधून दिलं. वर म्हणाला, "घरी न्या. नग वाटला तर परत आणा. फकस्त तंगूस गुंडाळू नका. एकदा तंगूस गुंडाळली की परत घेत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं कुकर लावला आणि रॉड माझ्या डाव्या हातात दिला. "समोर सरळ धरा. तीन शिट्ट्या होईपर्यंत खाली घ्यायचा नाही."

आठ फुटांचा रॉड स्वयंपाकघरात मावेना, म्हणून टोक खिडकीबाहेर काढलं. पहिल्या शिट्टीपर्यंत मी बोलत होतो. नंतर बोलणं बंद झालं. दुसरी शिट्टी झाली तेव्हा माझं मनगट थरथरत होतं. तिसरीच्या आधी टोक खाली गेलं आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या साडीवर टेकलं.

"तुम्ही एकोणपन्नास," बायको म्हणाली. "आबा बहात्तर." ती वडिलांना आबा म्हणते. "आणि मासा अजून लागलेला नाही."

संध्याकाळी ती माझ्याबरोबर दुकानात आली. दुकानदारानं सहा हजारवालं काही न बोलता परत घेतलं, म्हणजे मला काही बोलला नाही. बायकोला म्हणाला, "ताई, साहेबांनी काल माझा काटा कामाला लावला." ती हसली आणि बादलीतले रॉड एकेक काढून डाव्या हातात धरायला लागली. उजव्या हातानं ती शेवयांचं यंत्र फिरवल्यासारखी हवेत मूठ फिरवायची, मान हलवायची आणि रॉड परत ठेवायची. साडेसहा फुटी एक रॉड तिनं ठेवला नाही. दुकानदारानं त्यावर अडीच हजारचं रील चढवलं आणि रॉडखाली एक बोट धरलं. रीलच्या थोडं पुढे तो बोटावर आडवा राहिला, ना पुढे झुकला, ना मागे.

"मूठ डावीकडं आहे," ती म्हणाली. "त्यांना उजवीकडं हवी."

त्यानं दुसऱ्या बाजूची टोपी फिरवून काढली, मूठ ओढून बाहेर घेतली आणि पलीकडून बसवली. एवढंच. मी या एका मुद्द्यावर ऑनलाइनवाल्याला दोन प्रश्न पाठवले होते, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग त्यानं तसल्याच एका नमुन्याच्या, आधीच भरलेल्या रीलवरच्या तंगुशीचं टोक माझ्या हातात दिलं. "आता तुमी मासा. वडा." मी ओढलं. रीलच्या तोंडाशी असलेली चकती तो सैल करत, घट्ट करत गेला. मी जोरात हिसका दिला तेव्हा तंगूस करकरत सुटली, पण तुटली नाही. "ह्यो बिरेक. घट्ट आवळून ठेवू नका म्हणावं, मोठा मासा तंगूस तोडून जाईल." बायकोनं तंगुशीचं रीळ पेन्सिलीवर धरलं आणि त्यानं मूठ फिरवून ती आमच्या रीलवर भरली. काठोकाठ भरली नाही, कडेला थोडी जागा ठेवली. भरून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. "आता परत न्हाय."

"आता नाही," बायको म्हणाली.

रॉड सातशे, रील साडेआठशे, तंगूस दीडशे. सतराशे झाले. मला दीडशे परत मिळाले. मी बिल घडी घालून खिशात ठेवलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही मोटारसायकलवर पळसदेवला गेलो. बायको मागे रॉड उभा धरून बसली होती. वाटेत तिनं बजावलं, "आबांनी विचारलं तर चारशे सांगा." मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही, आणि तिनं ते हो धरलं.

मामा ओट्यावर होते. त्यांनी रॉड घेतला, डाव्या हातात तोलला, मूठ फिरवून बघितली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण मूठ पुन्हा फिरवली. आतला बारीक टिकटिक आवाज ऐकायला मान तिरकी केली.

"केवढ्याला, पाव्हणं?"

"आबा, कितीला का असेना," बायको म्हणाली.

"पाव्हण्यास्नी इचारतोय."

"सतराशे," मी म्हणालो.

मामी दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. ते मी इथं लिहीत नाही.

"बिल हाय?"

"आहे." मी काढून दिलं. मामांनी कागद लांब धरून वाचला. "सतराशेचा गळ. मासा काय सोन्याचा निगायचाय व्हय?"

"पाव्हण्यांनी हौसंनं आणलाय, घ्या की," मामी म्हणाली.

"घेतला की. बघितला. लई चांगला हाय. आता घिऊन जावा म्हणावं."

"आबा," बायको म्हणाली, "तुमच्यासाठी आणलाय."

"लेकीच्या घरचं घेत न्हाईत. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"आमच्याकडं येता तेव्हा जेवता की."

"जेवतो. अन् येताना जवारीचं पोतं आणतो का न्हाय?"

ते खरं होतं. बावीस वर्षांत मामा आमच्या दारात कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. मग मी म्हणालो, "तर मग पैसे द्या, मामा. मी घेतो." मला वाटलं यातून प्रश्न सुटेल.

"सतराशे?" ते म्हणाले. "बहात्तर वर्सांच्या माणसाला सतराशेचं खेळणं? न्हाय बा. दुसऱ्या कुणासाठी असतं तर गोष्ट येगळी."

म्हणजे फुकट घ्यायचं नाही आणि स्वतःसाठी एवढा खर्च करायचा नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद. त्यांनी रॉड उचलला, आत नेऊन कणगीजवळ कोपऱ्यात उभा केला. "गाडीव न्हेताना मोडंल. पुढल्या येळंला चारचाकी घिऊन या अन् न्या."

परत येताना भिगवणला मी चहासाठी थांबलो.

"चारशे म्हणायला जीभ झिजत होती का?"

"त्यांनी बिल मागितलं असतं. मागितलंच की."

"बिल घरी ठेवायचं."

"खरेदीचं बिल घरी कसं ठेवणार?"

ती कपाकडे बघत हसायला लागली. बराच वेळ हसली. मग म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच कारखान्यातून आलाय."

यंदा धोंड्याचा महिना ज्येष्ठात आला. तीन वर्षांतून एकदा येणारा हा जादाचा महिना, आणि त्यात जावयाला सासरी बोलवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहेतीस अनारसे आणि जे काही वाण ठरलं असेल ते द्यायचं. मागच्या खेपेला मला घड्याळ मिळालं होतं, त्याआधी सफारीचं कापड. महिना लागल्यावर दोन दिवसांनी मामीचा फोन आला. बायको भाजी आणायला गेली होती, म्हणून मी घेतला.

"पाव्हणं, यंदा काय घ्यावं तुमाला? ह्यांनी दोन हजार काढून ठेवल्यात. पँटपीस घ्यावा का तयार कापडं?"

मी काहीही चालेल म्हणालो, आणि मामांची चौकशी केली.

"त्येंचं काय सांगू. रोज ऊन कललं की आंगणात. तंगुशीला मोटरीचा नट बांधलाय. डाव्या हातानं बादलीत टाकत्यात. आदी बादली जवळ व्हती, आता पार गोठ्यापाशी न्हेलीया. काल कोंबडीला नट लागला, कोंबडी आंधारी यिऊन बसली."

"म्हणजे जमतंय की त्यांना. मग पाण्यावर जातात का?"

"न्हाय. म्या म्हणलं, जावा की. तर म्हणत्यात, गळ दुसऱ्याचा हाय, आंगणात बघितला तर चालतंय, पाण्याव न्याचा न्हाय."

फोन ठेवल्यावर मी तिथंच बसून राहिलो. कारखान्यात असं होतं. एका विभागाचा निधी संपलेला असतो, दुसऱ्याचा पडून असतो, आणि वस्तू तीच लागणार असते. तेव्हा नवीन पैसे मागायचे नसतात, खर्चाचं खातं बदलून घ्यायचं असतं. मामा स्वतःवर सतराशे घालणार नव्हते. जावयावर दोन हजार घालायला ते तयार बसले होते.

संध्याकाळी मी मामांनाच फोन लावला. "मामा, यंदा मला कपडे नकोत. वाणात गळ द्या."

"कुठला गळ?"

"तुमच्या कणगीजवळ उभा आहे तो."

"त्यो तर तुमचाच हाय."

"तुम्ही मला त्याचे सतराशे द्या आणि तोच मला वाण म्हणून द्या."

मामा म्हणाले, "तुमच्याकडनं इकत घ्याचा अन् तुमालाच वाण द्याचं? पाव्हणं, ह्ये कुटं बोलू नगा. लोकं हसतील. वाण दुकानातनं आणत्यात."

"मग दुकानातून आणा."

"त्यो दुकानात कुटं हाय? हितं हाय."

"मी आधी दुकानात परत देतो. मग तुम्ही जाऊन विकत घ्या."

"तसं चालंल," मामा म्हणाले. "पर म्या गळ बघून घेनार. हाय त्योच घेन असं न्हाय."

मग दुकानदाराला फोन. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तंगूस गुंडाळलीय न्हवं?" तो म्हणाला. मी हो म्हणालो. "मग परत घेत न्हाय मी, तुमाला सांगितलं व्हतं." मग म्हणाला, "पुन्यांदा सांगा, कोन कुनाला काय देणार?" मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "या घेऊन. तुमी पाच मिनटं आदी या."

ठरलेल्या दिवशी मामा एसटीनं आले. रॉड जुन्या धोतरात गुंडाळला होता. "कंडक्टर म्हणला, बाबा, एकच ऊस घिऊन कुठं निघाला?" असं सांगत उतरले. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्याकडून आलेलं हे पहिलं मोठं वाक्य. मी त्यांना स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं. "आदी तुमी परत द्या, मग म्या येतो," ते म्हणाले. मी एकटा दुकानात गेलो, रॉड दिला. दुकानदारानं तो बादलीत इतरांबरोबर उभा केला. "पैसे त्यांनी दिले की देतो."

मामा आले ते अनोळखी गिऱ्हाईक म्हणून. माझ्याकडे बघितलंही नाही. "गळ दावा," म्हणाले. दुकानदारानं चार रॉड काढले. मामांनी चारही डाव्या हातात धरले. तिसऱ्यावर इतका वेळ लावला की मला वाटलं, हाच घेतात आता. मग त्यांनी बादलीतला आपला तो उचलला.

"ह्यो केवढ्याला?"

"सतराशे, आबा. तंगूस भरून."

मामांनी तंगुशीचं टोक शोधून उजेडात धरलं. "तंगूस वापरल्याली दिसतीया. टोकाला गाठ बी हाय."

ती गाठ मोटरीच्या नटाची होती, त्यांच्याच हातची. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी ताडपत्र्यांकडे बघितलं.

"सोळाशे," मामा म्हणाले.

"आबा, परवडत न्हाय."

"वापरल्याल्या मालाला सोळाशे बी लई हुत्यात. माजा जावई खरेदीतच हाय. त्येला इचारा."

दुकानदारानं मला विचारलं नाही, फक्त भुवया वर केल्या. मी मान हलवली, अगदी थोडी. "द्या सोळाशे," तो म्हणाला. मामांनी पैसे दिले, बिल मागून घेतलं, वाचलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं. मग रॉड उन्हात बघायला बाहेर गेले. दुकानदारानं तेच सोळाशे माझ्या हातात दिले. गल्ल्यात टाकलेही नव्हते.

"शंभराचा भुर्दंड तुमाला बसला. पन्नास मी सोसतो."

"राहू द्या," मी म्हणालो.

स्टँडकडे चालताना मामा म्हणाले, "तुमाला त्येनं सतराशेला दिला, मला सोळाशेला. खरेदीचंच काम करता न्हवं तुमी?"

"तेच करतो."

"बगा मग."

त्यांना वाटलं होतं की दुकानदारानं मला माझे सतराशे पूर्ण परत केले. मी तसं म्हणालो नव्हतो. त्यांनी विचारलंही नाही. चारशे सांगायला जी जीभ वळली नाही ती इथं गप्प बसली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

धोंड्याच्या दिवशी पाटावर मी, समोर तेहेतीस अनारशांचं ताट, त्यावर दिवा, आणि माझ्या मांडीवर आडवा रॉड. मामीनं मला कुंकू लावलं आणि त्याच बोटानं रीललाही लावलं. बायको फोटो काढताना हसत होती म्हणून तिन्ही फोटो हललेत. मामा म्हणाले, "घ्या, पाव्हणं. तुमचा."

"मामा, मला टाकता येत नाही आणि तिकडं वेळ नाही. तुमच्याकडंच राहू द्या. चालू ठेवा म्हणजे गंजणार नाही."

"बघू," ते म्हणाले, आणि उठलेच. जेवणाचा हात अजून ओला होता.

"आता उन्हाचं?" मामी म्हणाली.

"पाव्हण्याची वस्तू हाय. काय बिघाड हाय का बघाय नगं?"

आम्ही तिघं पाण्यावर गेलो. पाणी खूप मागं हटलं होतं. जुनं देऊळ जोत्यापर्यंत उघडं, आणि चिखल वाळून तडकलेला. विहिरीचा दगडी काठ पाण्याबाहेर येऊन त्यावर एक बगळा बसला होता. मामा त्याच्या अलीकडे थांबले, गळाला कणकेची गोळी लावली, रीलवरची तारेची कडी उघडली, तंगूस बोटावर धरली आणि डाव्या हातानं बाजूनं झटका दिला. शिसं विहिरीच्या काठापलीकडे पडलं. पूर्वीइतकं लांब नव्हतं, पण पाहिजे तिथं पडलं. बगळा उडाला.

मग ते दगडावर बसले आणि बोलायला लागले. विहिरीला किती पायऱ्या होत्या, मोट कोणत्या बाजूला, पोहायला शिकताना कोणी त्यांना ढकललं, पाणी चढलं तेव्हा शेवटची घागर कोणी भरली. बायको चपला काढून पाण्यात पाय सोडून ऐकत बसली. तिला यातलं बरंच आधी माहीत होतं. तरी ती मधे मधे "मग?" म्हणत होती.

टोक वाकलं तेव्हा ते वाक्याच्या मधे होते. वाक्य पुरं करून त्यांनी मूठ धरली, उजवं कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि सावकाश फिरवत राहिले. एकदा तंगूस करकरली, तेव्हा "जा, जा, पळ" असं माशाला म्हणाले. चिलापी होती, हातभर नव्हे, पण पंज्याहून मोठी.

धोंड्याच्या महिन्यात त्यांच्या घरात मासा शिजत नाही. पलीकडे होड्या लागतात तिथं एक व्यापारी काटा घेऊन बसतो. मामा चालत गेले, मासा दिला, चाळीस रुपये घेऊन आले आणि ते माझ्यापुढे धरले.

"कशाचे, मामा?"

"गळ तुमचा हाय. मासा बी तुमचाच."

"तुम्ही धरलात."

"माजा येळ गेला मजेत. धरा."

मी घेतले. घरी येताना मी बायकोला शंभराची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, आबांना कधी सांगू नका. मी सांगणार नाही. लेकीच्या घरचे साठ रुपये अजून त्यांच्याकडे आहेत आणि त्यांना ते माहीत नाही. बाकी सगळं रीतसर झालं. मामांनी दुकानदाराला सोळाशे रुपये दिले, आणि मला चाळीस.